निर्वाचनविषयक अभिप्राय आणि तिऱ्हाइताचे म्हणणे

अमेरिकेतील निवडणूक-निधीविषयक कायद्याच्या १९७४ च्या दुरुस्तीने संघीय निर्वाचन आयोग स्थापिला आणि आपले कृत्य कायद्यास धरून आहे की नाही, हे त्यास विचारण्याची मुभा उमेदवारांना व राजकीय समित्यांना दिली. मात्र अशी पृच्छा प्रसिद्ध करावी व अभिप्रायापूर्वी हितसंबंधीयांचे लेखी म्हणणे घ्यावे, असे बंधनही घातले. एकाच्या शंकानिरसनात तिऱ्हाइताने का बोलावे?

उत्तर लौकरच मिळाले. नोव्हेंबर १९७५ मध्ये सन ऑइल कंपनीच्या प्रकरणी आयोगाने चार विरुद्ध दोन मतांनी अभिप्राय दिला की, राजकीय समितीचा व्यवस्थाखर्च कंपनीने आपल्या तिजोरीतून करावा आणि भागधारकांप्रमाणे नोकरांकडूनही वर्गणी मागावी, यास हरकत नाही. तेव्हा कंपन्यांच्या अशा समित्या १३९ होत्या. १९७६ अखेर त्या ४३३ झाल्या. या वाढीचे सारे श्रेय एका अभिप्रायास देणे धाडसाचे होईल. पण वाट मोकळी झाली ती त्यानेच.

१९७६ च्या दुरुस्तीने नोकरांकडून वर्गणी मागण्यावर मर्यादा आली खरी. परंतु तंतोतंत तशाच व्यवहारातील इतरांनाही अभिप्रायाचा आधार घेता येईल, असेही तिने ठरविले. अभिप्राय असा बहुतांचा झाला. आक्षेपकास मात्र १९७९ च्या दुरुस्तीने (ती जानेवारी १९८० मध्ये अमलात आली) दहाच दिवस दिले, आयोगास साठ. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवाराने आपल्या व्यवहाराविषयी विचारल्यास आयोगासही वीसच मिळतात. त्यांतले निम्मे इतरांच्या म्हणण्याची वाट पाहण्यात जातात.