किरणोत्सारी सांडपाण्याचे शुद्धीकरण

अणुभट्ट्या, अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करणारे कारखाने, प्रयोगशाळा व रुग्णालये यांतून निघणाऱ्या द्रव कचऱ्यातील किरणोत्सारी द्रव्ये वेगळी काढण्याची प्रक्रिया. कारखान्यांच्या सांडपाण्यातील बरीच सेंद्रिय विषे जाळून किंवा जिवाणूंकरवी नाहीशी करता येतात. सीझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याचे तसे होत नाही. कोणत्याही रसायनाने त्याचा किरणोत्सार थांबत नाही. तो स्वतःच्याच गतीने ओसरतो आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे आहे. त्यामुळे येथे शुद्धीकरण म्हणजे पुष्कळ पाण्यात विखुरलेला किरणोत्सार थोड्याशा घन पदार्थात गोळा करून तो सांभाळणे.

भारतात या कामाचा पाया मुंबईत तुर्भे येथे घातला गेला. तेथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा संस्थेला १९६७ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. सौम्य किरणोत्सारी पाण्यासाठी सहअवक्षेपण ही पद्धत वापरतात. पाण्यात पोटॅशियम फेरोसायनाइड व तांब्याचे लवण घातले की तांबूस-तपकिरी साका धरतो आणि सीझियम त्यात अडकते. बेरियम सल्फेटच्या पांढऱ्या साक्यात स्ट्रॉन्शियम बसते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी तसेच हे, फक्त येथला गाळ फेकून देता येत नाही. तो सिमेंटमध्ये घट्ट बसवतात. वरचे निवळ पाणी मोजमाप करून, नियामक मर्यादेत असेल तरच, समुद्राकडे सोडतात. मध्यम तीव्रतेच्या अल्कधर्मी कचऱ्यातील सीझियम रिसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनच्या स्तंभात आयन-विनिमयाने धरले जाते.

पुनर्प्रक्रियेतून येणारा अतितीव्र कचरा आकारमानाने थोडा, पण बहुतेक किरणोत्सार त्यातच असतो. तो तुर्भे व तारापूर येथे बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात. याच कचऱ्यातून काढलेल्या सीझियमच्या काचकांड्या रक्तपेढ्यांतील विकिरण यंत्रांत वापरल्या जातात. या क्षेत्रातील भारतीय संशोधनाचे हे मोठे यश मानले पाहिजे.

रुग्णालयांतील प्रश्न सोपा आहे. थायरॉइडच्या कर्करोगावर देतात त्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे असल्याने रुग्णाच्या शौचालयाचे पाणी टाक्यांत अडवून ठेवतात. ८० दिवसांत सुमारे एक सहस्रांश किरणोत्सार उरतो.

ट्रिटियमपुढे मात्र या पद्धती थिट्या पडतात. तो हायड्रोजनचाच समस्थानिक असल्याने पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसतो. जपानमधील फुकुशिमा येथे प्रक्रिया केलेले पाणी ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडू लागले, तेव्हा इतर किरणोत्सारी द्रव्ये मर्यादेखाली आणली होती. ट्रिटियमसाठी ते पाणी समुद्राच्या पाण्याने विरळ करावे लागले.

अतितीव्र कचऱ्याची काच भरलेले पोलादी डबे तारापूरच्या साठवणगृहात हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने थंड ठेवले जातात. त्यांच्यासाठी खोल खडकातील कायमचे भांडार भारतात अद्याप उभारलेले नाही, म्हणून तारापूरची साठवण आजघडीला तात्पुरतीच म्हणावी लागते.