तुमचा मोबाईल, लांडगे आणि फ्लेमिंगो: सिटिझन सायन्सची ॲप्स नेमकी कशी चालतात?

२०२३ मध्ये 'इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. भारतात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होतो, याचा पहिला जनुकीय पुरावा त्यात आहे आणि तो आपल्या पुण्याच्या परिसरातला आहे. गंमत म्हणजे सुरुवात प्रयोगशाळेत झाली नाही. माळरानावर फिरणाऱ्या निसर्गप्रेमींना दोन प्राणी 'काहीतरी वेगळे' दिसले. त्यांनी प्राण्यांना हात न लावता त्यांचे केस गोळा केले. पुढे पुण्याचा ग्रासलँड्स ट्रस्ट, बंगळुरूची एनसीबीएस आणि ॲट्री या संस्थांनी मिळून डीएनए तपासला आणि शंका खरी निघाली. निबंधाच्या शीर्षकातच सिटिझन सायन्स हे शब्द आहेत.

सिटिझन सायन्स म्हणजे एवढंच: नोंद सामान्य माणसाची, तपासणी आणि विश्लेषण संशोधकांचं. मी मूळचा बारामतीचा, नोकरी डेटाबेसशी खेळण्याची. त्यामुळे मला पक्ष्यांइतकंच या ॲप्सच्या आतलं डिझाइन आवडतं. आपल्या दोन तालुक्यांत या ॲप्सना कामही भरपूर आहे. इंदापूरच्या बाजूला उजनीचा फुगवटा आणि भिगवण, कुंभारगावचे पक्षी. बारामतीच्या बाजूला सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आणि तिथली चिंकारा. मधे कडबनवाडीसारखी गवताळ माळरानं.

ई-बर्ड: 'दिसला नाही' हीसुद्धा नोंद

ई-बर्ड २००२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीबरोबर सुरू केलं. भारतातलं काम बर्ड काउंट इंडिया बघते. ॲप फुकट आहे, नेटवर्क नसताना चालतं आणि सेटिंगमध्ये पक्ष्यांची नावं मराठीत करता येतात.

वापरायला सोपं आहे. 'स्टार्ट' दाबा, चालायला लागा, दिसेल आणि ऐकू येईल तो पक्षी आकड्यासकट टाका, शेवटी 'स्टॉप'. वेळ आणि अंतर ॲप स्वतः मोजतं. सबमिट करताना एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवले आहेत का? अनेक जण न वाचता काहीतरी दाबून मोकळे होतात. पण माझ्या मते अख्ख्या ॲपमधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच आहे.

का, ते बघा. भिगवणला गेलेला माणूस फ्लेमिंगो दिसला की फोटो टाकतो. नाही दिसला तर काहीच टाकत नाही. असे नुसते फोटो गोळा केले तर दरवर्षी फ्लेमिंगो 'आहेत' एवढंच कळेल. कमी झाले की वाढले, हे कधीच कळणार नाही. 'हो, सगळे नोंदवले' असं तुम्ही म्हणालात की यादीत नसलेला प्रत्येक पक्षी आपोआप 'दिसला नाही' अशी नोंद होतो. मग शंभर याद्यांपैकी किती याद्यांत थापट्या बदक आहे, हा आकडा निघतो आणि दहा वर्षांनी तो पुन्हा ताडून बघता येतो. म्हणून रोहित न दिसलेल्या कंटाळवाण्या सकाळची यादीसुद्धा पाठवा. किमान १५ मिनिटं द्या आणि गाडीतून वीस किलोमीटर फिरून एकच यादी करू नका.

मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजा, तेवढा तुकडा डोळ्यांत धरा आणि असे किती तुकडे होतात ते बघा. अंदाज चालतो. आकडा त्या भागासाठी, त्या महिन्यासाठी फारच मोठा वाटला तर ॲप तपशील विचारतं आणि स्वयंसेवक तपासनीस तुम्हाला मेल करू शकतो. राग मानू नका, ही कोड रिव्ह्यूसारखीच गोष्ट आहे.

या याद्यांचं होतं काय? 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३' हा अहवाल ३०,००० हून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. १३ संस्था त्यात होत्या. ९४२ जातींचा आढावा घेतला. त्यांतल्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला आणि त्यापैकी २०४ जाती कमी होताना दिसल्या. दसऱ्याला आपण ज्याचं दर्शन शुभ मानतो तो नीलकंठ आणि माळावर धावणारा धाविक यांच्या जागतिक स्थितीचा पुन्हा विचार करा, अशी शिफारस अहवालात आहे. दोघेही आपल्याकडचेच.

माळरानांसाठी तर हे फार महत्त्वाचं आहे. सरकारी कागदांवर अशा जमिनीला बऱ्याचदा 'पडीक' म्हटलं जातं. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावा, प्रकल्प आणा असा विचार सहज होतो. तिथे काय जगतं, हे तारखेसह आणि आकड्यांसह दाखवता आलं तर निदान बोलायला कागद हातात असतो.

आयनॅचरलिस्ट: फोटो हाच पुरावा

पक्षी सोडून बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे फुलपाखरू, साप, गवत, कोळी यांच्यासाठी, आयनॅचरलिस्ट बरं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा हा प्रोजेक्ट होता, आता स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. फोटो टाकला की ॲप नाव सुचवतं, मग इतर लोक सहमती किंवा असहमती देतात. तारीख, जागा आणि फोटो आहे, जीव पाळलेला किंवा लावलेला नाही आणि दोन-तृतीयांशाहून जास्त लोक एकाच जातीवर ठाम आहेत, अशी नोंद 'रिसर्च ग्रेड' होते. योग्य परवाना असेल तर ती जीबीआयएफ या जागतिक डेटाबेसमध्ये जाते. सुचवलेलं नाव डोळे मिटून स्वीकारू नका. ते मॉडेल आहे, चुकतं.

लोकेशनचं मात्र सांभाळा

लांडग्याचं बीळ कुठे आहे हे जाहीर झालं तर तिथे कॅमेरेवाल्या गाड्या पोहोचतात आणि शिकारीही पोहोचू शकतो. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप धूसर करतं. खरा बिंदू साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवला जातो. पण प्रत्येक प्राण्यासाठी त्यावर विसंबू नका. नोंद करताना 'जिओप्रायव्हसी'मध्ये जाऊन स्वतः 'ऑब्स्क्युअर्ड' निवडा. पिल्लं, घरटं, बीळ असेल तर नक्कीच. तुमच्या घराच्या अंगणातल्या फोटोंनाही हेच लावा.

गळती खरं तर ॲपच्या बाहेर होते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर त्यातली जीपीएस माहिती निघून जाते, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर सगळी माहिती जशीच्या तशी जाते. इन्स्टावर तर आपण हौसेने गावाचं नाव टॅग करतो. ते टाळा.

पाण्याचं काय?

पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, हे भिगवणच्या लोकांना सांगायची गरज नाही. पाण्याची गुणवत्ता फोनने मोजता येत नाही, पण जलपर्णी किती पसरली हे बघता येतं. ब्राउझरमध्ये 'कोपर्निकस ब्राउझर' उघडा आणि उजनीवर झूम करा. सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर रिझोल्यूशनची चित्रं साधारण दर ५ दिवसांनी फुकट मिळतात. पावसाळ्यात ढगच दिसतील, म्हणून हिवाळ्यातल्या दोन वर्षांच्या तारखा शेजारी ठेवून बघा. त्याच काठावरची तुमची ई-बर्डची यादी सोबत असेल तर तुलनेला अर्थ येतो.

सुरुवात भिगवणलाच करायला हवी असं नाही. इंदापूर शहरात तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करतात. तिथे महिन्यातून दोनदा, त्याच जागेवरून १५ मिनिटं मोजा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, फेब्रुवारीत चार दिवसांचा ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. निघायच्या आधी घरच्या वायफायवर ई-बर्डचा तुमच्या भागाचा पॅक उतरवून घ्या, कारण माळावर रेंज जाते. तुम्ही भरलेला सगळा डेटा पुढे कधीही ई-बर्डच्या वेबसाइटवरून सीएसव्ही फाइलमध्ये परत मिळतो.