प्रकाशाने प्रकाश वळविण्याचे प्रयत्न

आमच्या नल्लकुंट्याच्या नावाचा तेलुगूत अर्थ काळे तळे असा आहे. तळे काळे असो की निळे, त्यात शिरलेला तांबडा किरण तांबडाच राहतो; दुसरा किरण त्यास छेदून गेला तरी दोघांनाही एकमेकांची वार्ता नसते. शाळेत हा नियम आम्ही निःशंकपणे शिकवितो. परंतु तो सौम्य प्रकाशापुरताच खरा आहे, हे १९६१ साली प्रत्ययास आले.

लेसरचा शोध आदल्याच वर्षी लागला होता. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा तांबडा झोत क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून नेला, तेव्हा नेमक्या निम्म्या तरंगलांबीचा अदृश्य जंबुपार किरणही बाहेर पडला. छायाचित्राच्या काचेवर त्याचा पुसट ठिपका उमटला. नियतकालिकात छापताना तो डाग समजून कोणी पुसून टाकला, असे सांगतात. छापील चित्रात ठिपका नाही, एवढे मात्र खरे!

क्वार्ट्‌झमधील इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंशी जखडलेले असतात. ज्यांचे इलेक्ट्रॉन सैल, असे पदार्थ हवे होते. ते संयुग्मित बहुवारिकांत मिळाले. कार्बनच्या लांब साखळीत एकेरी व दुहेरी बंध आलटून पालटून आले, म्हणजे काही इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे न राहता साखळीवर दूरवर वावरतात. प्रबळ झोताने ते सहज हेलावतात. १९७६ मध्ये पॉलिडायॲसिटिलीनच्या स्फटिकांत हा परिणाम विलक्षण मोठा आढळला.

या इतिहासात हैदराबादचाही वाटा आहे. हैदराबाद विद्यापीठात भौतिकीचे अध्यापक राहिलेले डी. नारायण राव यांचा १९८६ सालचा एक निबंध बफेलो येथील पारस प्रसाद यांच्या गटासमवेतचा आहे. पदार्थाचे नाव पॉली-पॅरा-फेनिलीन-बेन्झोबिसथायाझोल. नावाची लांबीही साखळीलाच शोभावी अशी! त्याच्या पातळ पापुद्र्यात एकाच रंगाचे तीन किरण एकत्र आणले असता चौथा किरण उत्पन्न झाला. वेळ मोजली ती पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागांत.

प्रकाशानेच प्रकाश वळविणारी गणकयंत्रे आता येणार, अशी त्या दशकात मोठी आशा होती. ती सफल झाली नाही. ही साखळी काही प्रकाश स्वतःच गिळून टाकते, ही मोठी अडचण. म्हणून ते श्रम वाया गेले, असे मी म्हणणार नाही. पुढे नल्लकुंट्यापासून दूर, शहराच्या पश्चिमेस गच्चीबावलीला राव यांच्या प्रयोगशाळेत पॉर्फिरिन या वलयाकार संयुग्मित रेणूंचा अभ्यास झाला. हे हिरव्या पानांतील हरितद्रव्याचे आप्त. सौम्य प्रकाशाला ते वाट देतात, आणि झोत प्रखर झाला की अडवितात. लेसरपासून डोळ्यांचे रक्षण करण्यास हाच गुण उपयोगी पडतो.