प्रेमाचा जमाखर्च

पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते आणि तो तबकात ओवाळणी टाकतो. प्रेम आणि पैसा एकाच निरांजनाच्या उजेडात येतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मग कवितेत ही दोघे शेजारी बसली की आपल्या रसिकतेला ठेच का लागावी, असा प्रश्न मला पुष्कळदा पडतो.

आपली जुनी कविता इतकी सोवळी नव्हती. उत्तर पेशवाईतल्या राम जोशी, होनाजी बाळा यांच्या काळची लावणी घ्या. तिच्यातली नायिका मोहिमेवर गेलेल्या सख्यासाठी झुरते आणि शालू-दागिन्यांचा हट्टही धरते. पुढे इंग्रजी भावगीताची गोडी लागली, आणि प्रेम हिशेबाच्या वहीवरून उठून चांदण्यात जाऊन बसले. १९२३ साली पुण्यात निघालेल्या रविकिरण मंडळाने, विशेषतः माधव जूलियनांनी, प्रेमकवितेला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. हे ऋण लहान नव्हे. दोघांनी एकमेकांना मनाने निवडावे, हीच गोष्ट त्या काळी धाडसाची होती. परंतु त्या प्रेमिकांच्या घरी वाण्याची उधारी किती, हे त्या कवितेने सहसा विचारले नाही.

विचारले ते मुंबईने. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेला गडी खानावळीत जेवायचा आणि चारचौघांच्या खोलीत पथारी टाकायचा, कारभारीण गावी. दोघांमध्ये दुवा एकच, मनीऑर्डर! फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी मावत. त्या ओळींत ‘जिवाला जप’ एवढेच असले, तरी ते प्रेमपत्रच नव्हते काय? या ताटातुटीला अण्णा भाऊ साठे यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत वाचा फोडली. ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली आणि तिच्यातली मैना मराठी मुलखाचे प्रतीक ठरली. पण मुळात तो दारिद्र्याने घराबाहेर काढलेल्या एका नवऱ्याचा विरह आहे.

नारायण सुर्वे यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवले. त्यांनी स्वतः गिरणीत काम केले, शाळेत शिपाईगिरी केली, आणि पुढे ते शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत भाकरीची विवंचना आहे. पण त्या विवंचनेत सोबत करणारे माणूसही आहे. तिथे प्रेम म्हणजे ओझ्याचे दुसरे टोक उचलणारा हात. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांनी आपल्या आत्मकथनाला ‘मास्तरांची सावली’ हे नाव दिले. त्या संसाराची दुसरी बाजू वाचायची असेल, तर ते पुस्तक हाती घ्यावे.

याहून कठोर सत्य नामदेव ढसाळ यांनी ‘गोलपिठा’त (१९७२) मांडले. जिथे देहालाच भाव लागतो, त्या वस्तीचे नावच त्यांनी आपल्या संग्रहाला दिले. सणासुदीला हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु पैशाने माणूस विकत घेता येतो हे ज्याने जवळून पाहिले, त्याच्या शब्दांतली माया मला अधिक खरी वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे एकेक भोंगा बंद पडला, आणि गिरण्यांच्या कित्येक जागांवर आज टोलेजंग इमारती उभ्या आहेत. मनीऑर्डरही गेली, पगार मोबाईलवर कळतो. पण घराच्या हप्त्यापायी लग्न लांबणीवर टाकणारी मुले-मुली आपल्याच घरांत आहेत. त्यांच्या कवितेत चंद्राबरोबर हप्त्याची तारीखही आली, तर वाचकहो, नाक मुरडू नका. पैशाच्या स्पर्शाने प्रेम विटाळत नाही. ते किती भार सोसू शकते, एवढेच त्यातून कळते. आणि ते सांगणे कवितेचे काम नाही, असे कोणी म्हणावे?