सिप-नुंग नव्हे, सिप-एत

ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे बँकॉकला जायचं ठरलं, तेव्हा विमानात बसल्या बसल्या मी एक ते दहा पाठ केले. नुंग, सोंग, साम, सी, हा, होक, चेत, पेत, काव, सिप. मग अकरा म्हणजे सिप-नुंग आणि वीस म्हणजे सोंग-सिप. प्रोग्रामर माणूस, नियम सापडला की खूश!

पहिल्याच सकाळी फळवाल्या बाईंपुढे वीस बाथची नोट धरून ऐटीत "सोंग-सिप" म्हणालो. बाई हसल्या. "यी-सिप," त्या म्हणाल्या. ऑफिसमधल्या मैत्रिणीने उरलेला धडा दिला. अकरा म्हणजे सिप-एत, एकवीस यी-सिप-एत. तीसपासूनची दशकं पुन्हा सरळ: साम-सिप, सी-सिप... (एकोणसाठ आणि त्रेसष्ट घोकून मोठं झालेल्यांनी खरं तर तक्रार करू नये. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तर आपण केवढा गदारोळ केला होता!)

पण हे 'यी' आणि 'एत' आले कुठून? सुवर्णभूमी नावाच्या विमानतळावर उतरल्यामुळे माझी छाती आधीच फुगलेली होती. म्हटलं, आकडेही आपलेच निघणार. शून्याला थाई लोक 'सून' म्हणतात, तो निघालाही आपला. बाकीचे मात्र निघाले चिनी! हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये तीन म्हणजे साम, दोन म्हणजे यी, एक म्हणजे यात. थाईतले दोनपासून दहापर्यंतचे जवळजवळ सगळे शब्द जुन्या चिनीतून आलेले आहेत. 'सोंग'सुद्धा 'जोडी' या अर्थाचा चिनी शब्द. सुटं मोजताना नुंग आणि सोंग, पण अकरा-वीसच्या जोडशब्दांत ते आणखी दोन चिनी शब्द अडकून राहिले, इतकंच.

मग मी माझी थिअरी मांडली. १७८२ साली राजधानी बँकॉकला आली, तिथे चिनी व्यापारी होतेच, त्यांच्या दुकानांतून आकडे आले असणार. छान पटत होती. पण चुकीची!

चीनच्या ग्वांगशी प्रांतात च्वांग लोक राहतात, चीनमधला सर्वांत मोठा अल्पसंख्य समाज. त्यांची भाषा थाईची लांबची बहीण. तेही मोजतात सोंग, साम, सेइ, हा. आमच्या धंद्यात असं म्हणतात की एकच बदल दोन्ही ब्रँचमध्ये दिसला, तर तो बहुधा फाटा फुटण्याआधीचा असतो. इथेही तेच. थाईंचे पूर्वज दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या टापूत राहत असतानाच हे आकडे त्यांच्या तोंडात बसले होते. तेराव्या शतकात सुखोथाईचं राज्य उभं राहिलं, त्याच्याही कित्येक शतकं आधी. बँकॉकचा तर पत्ताही नव्हता. एखादा समाज आपले आकडे टाकून शेजाऱ्याचे का घेतो? माझा अंदाज, बाजारहाटासाठी. भाव करताना समोरच्याला कळेल तोच आकडा कामाचा.

आपलं संस्कृत भेटतं ते वेगळ्याच ठिकाणी. पदवी म्हणजे 'परिन्या त्री', त्यावरची 'परिन्या थो', डॉक्टरेट 'परिन्या एक'. परिन्या म्हणजे आपली परिज्ञा. सैन्यात 'फोन एक' हा पूर्ण जनरल, त्याखाली 'फोन थो', मग 'फोन त्री'. स्वरचिन्हांची नावंही माय एक, माय थो, माय त्री, माय चत्तवा. हे शब्द कंबोडियाच्या ख्मेर दरबारातून आणि पाली ग्रंथांतून पोचले, म्हणून मानमरातबाच्या जागी बसले. याच पदव्यांनी फळं मोजून दाखवा बरं, बाई पुन्हा हसतील.

लिहायचे अंक मात्र ख्मेरांमार्फत भारतातूनच गेले. मेकाँगकाठच्या सांबोरचा ख्मेर शिलालेख शके ६०५चा, म्हणजे इ.स. ६८३चा. त्यातल्या ६०५ मधलं शून्य म्हणजे नुसता एक ठिपका, आणि तारीख लिहून ठेवलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी तो एक. शक तोच, जो आपल्या पंचांगात असतो. फुगलेली छाती इथे थोडी परत मिळाली.

हे सगळं मी निघायच्या आदल्या दिवशी जेवताना मैत्रिणीला ऐकवलं, वर 'काव' म्हणून नऊही मोजून दाखवले. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुझा सूर पडतोय. तू नऊ नाही, 'जुना' म्हणतोयस." रात्री तिचा मेसेज आला, नुसता ५५५. पाच म्हणजे हा.