उघड्या दाराची साक्ष

कर्वे रस्त्याने कोथरुडात शिरून पुढे कर्वेनगराकडे वळणाऱ्या वाटसरूस वाटेत अण्णासाहेब कर्वे यांचा पुतळा लागतो, आणि त्या भागातील लहानथोर साऱ्यांच्या तोंडी तो चौक ‘कर्वे पुतळा’ याच नावाने रुळलेला आहे. त्या पुतळ्यापलीकडे, कोथरूडच्या शिवेला लागून असलेल्या हिंगणे बुद्रुक या मौज्याच्या माळावर, १९०० साली अनाथ बालिकाश्रमाची पहिली झोपडी उभी राहिली; आणि महाविद्यालयातील शिकवणे आटोपून आश्रमाचे सामानसुमान घेत, पावसाळ्यात चिखल तुडवीत, अण्णासाहेब त्या झोपडीकडे पायी जात, ही हकीकत पुण्यातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या झोपडीचा मागोवा घेत मागे गेले असता वाट एका ख्रिस्ती स्त्रीच्या दारापाशी जाऊन पोहोचते, आणि ते दार सताड उघडे असल्याचे आढळते, ही गोष्ट मात्र आपण विसरत चाललो आहो.

ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा आणि रमाबाईंचा त्याच महिन्यातील २३ तारखेचा. पुराणिक वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह तीर्थोतीर्थी पायपीट केलेली, दुष्काळात मातापितरांचा अंत डोळ्यांनी पाहिलेली, कलकत्त्याच्या विद्वत्सभेने ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविलेली ही विदुषी १८८२ साली पुण्यास आली तेव्हा पुण्याने तिला डोक्यावर घेतले. आणि पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडात वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतल्याची वार्ता आली तेव्हा त्याच पुण्याला ती आपली फसवणूक वाटली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’ काढून तिची बाजू उघडपणे घेतली. पण असा आवाज विरळाच होता.

ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात ‘साक्ष देणे’ असा एक प्रयोग आहे. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले ते चारचौघांत उभे राहून सांगणे, एवढाच त्याचा अर्थ. शब्द कचेरीतला आहे, आणि कचेरीतला नियमच येथेही लागू पडतो: साक्षीदाराने आपण पाहिले ते न डगमगता सांगावे, त्यात पदरची भर घालू नये, भयाने काही दडवू नये, आणि निवाडा ज्याचा त्याच्यावर सोपवावा. या चारही कलमांवर रमाबाईंची साक्ष पारखून पाहण्याजोगी आहे.

बोस्टन येथे १८८७ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. उच्चवर्णीय विधवांस तेथे निवारा आणि विद्या मिळावी, कोणाच्याही धर्माचारात हस्तक्षेप होऊ नये, धर्मांतराचा आग्रह धरला जाऊ नये, अशी त्या गृहाची कबुलात होती. त्यात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे कोकणातून आलेली गोदूबाई जोशी. १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्यास आले, आणि त्याच्या आदल्याच महिन्यात पंचहौद मिशनमध्ये पुढे आलेल्या चहाच्या पेल्यांनी पुण्यात ग्रामण्य पेटवले. मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानड्यांसारख्यासही पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले, अशा त्या शहरात एका बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मण स्त्रीने ब्राह्मण विधवांचे घर चालवावयाचे होते.

रमाबाई आपल्या खोलीत कन्या मनोरमेसह शास्त्र वाचीत, प्रार्थना करीत, आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे असे. त्या कोणास हाक मारीत नसत. पण उंबरठ्याशी येऊन बसलेल्या मुलीस उठवूनही लावीत नसत. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, पालक अस्वस्थ झाले, आणि १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाशी असलेला संबंध सोडला, अनेक मुलींना घरी नेण्यात आले. टीकाकारांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. पोरवयाच्या निराधार मुलीवर आश्रयदात्रीच्या भक्तीचा प्रभाव पडणारच, आणि त्या प्रभावास मोकळीक म्हणावे की मोह, हा प्रश्न प्रामाणिक माणसासही पडावा असाच होता. यावर उपाय सोपा होता: दार लोटून घ्यावयाचे. तेवढे केले असते तर कदाचित लोकांचा रोष निवळला असता, सदनाचा बोभाटा टळला असता. पण आपण जिच्या आधाराने जगतो ती श्रद्धा आपल्याच घरात चोरून जपावी, हे रमाबाईंना असत्य वाटले, आणि असत्याच्या पायावर त्यांना मुलींचे घर उभारावयाचे नव्हते.

हे धैर्य त्यांनी केवळ पुणेकरांपुढे दाखविले असे नाही. इंग्लंडात असतानाही त्यांनी आपला शाकाहार सोडला नव्हता. क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत हे त्यांना मान्य नव्हते, संस्कृत अक्षरे का नकोत असे त्यांनी विचारले. आणि जो सिद्धान्त बुद्धीस पटला नाही तो धर्मगुरूंनी सांगितला म्हणून मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. जी स्त्री स्वतःच्या विवेकावर कोणाचा हुकूम चालू देत नव्हती, तिने दुसऱ्याच्या विवेकावर हुकूम न चालविणे हे त्याच वृत्तीचे दुसरे अंग होय.

म्हणूनच गोदूबाईंची कथा येथे मोलाची ठरते. सुमारे चार वर्षे त्या सदनात राहिल्या, उघडे दार रोज पाहत राहिल्या, आणि हिंदूच राहिल्या. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या चौथ्या वर्धापनदिनी, त्यांचा विधुर अण्णासाहेबांशी पुनर्विवाह झाला. अण्णासाहेबांच्या गावच्या मुरूडकरांनी या जोडप्यावर बहिष्कार घातला, आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई, पुढे साऱ्यांच्या ‘बाया’ झाल्या. पुण्यात शारदा सदनावरचा विश्वास उडालेला, विधवांची गरज मात्र तशीच उभी, हे जाणून अण्णासाहेबांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. बायांनी त्यासाठी वर्गणी जमविली, त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी त्यास आयुष्य वाहिले. रमाबाईंनी शिकविलेली मुलगी रमाबाईंच्या धर्मात गेली नाही, परंतु स्त्रीने शिकावे, स्वतःच्या पायांवर उभे राहावे आणि दुसरीस हात द्यावा, हे तिने तेथे पाहिलेले सत्य कोथरूडच्या शिवेवरच्या माळावर येऊन रुजले.

रमाबाई पुढे दौंडच्या अलीकडील केडगावी गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींना त्यांनी तेथे आसरा दिला, आणि तेथील या मुक्तिसदनात मात्र ख्रिस्ताचे नाव मोकळ्या कंठाने घेतले. खेड्यातल्या बाईलाही समजावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत उतरविले, आणि त्याची छपाई मुक्तीतील मुलींच्या हातून करवून घेतली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली छापून निघाला.

आज धर्माविषयी उघड बोलणे म्हणजे भांडणास निमंत्रण, आणि गप्प राहणे म्हणजे शहाणपण, अशी समजूत बळावत आहे. श्रद्धा सांगणारे पुष्कळदा ऐकणाऱ्याचा निवाडाही स्वतःच करू पाहतात, आणि ऐकणारे सांगणाऱ्याचे तोंडच बंद करू पाहतात. या दोन्ही वाटांपेक्षा रमाबाईंची वाट कठीण होती, कारण तीत लोकांचा रोषही सोसावा लागे आणि आपल्या हातून वाढलेली मुलगी आपल्या देवाकडे न वळता निघून जाते हे दुःखही सोसावे लागे. तशी एक मुलगी शारदा सदनाच्या उंबरठ्यावरून निघाली आणि हिंगण्याच्या झोपडीत दिवा लावती झाली. कर्वे पुतळ्यावरून जाताना त्या दिव्याची वात कोणाच्या घरी वळली गेली, एवढे आपण कृतज्ञतेने आठवावे.