पुरस्कार मिळाला, गाणे खपले का?

विशेष प्रतिनिधी, उल्हासनगर

उल्हासनगर कॅम्प नं. ३ च्या बाजारात गाणे विकण्याची रीत एका पिढीत तीनदा बदलली. आधी कॅसेट, मग सीडी, त्यानंतर मोबाइलच्या मेमरी कार्डात भरून दिलेली शेकडो गाणी. आता तर दुकानाचीच गरज उरलेली नाही. मात्र दूरचित्रवाणीवर संगीत पुरस्कारांचा झगमगता सोहळा झाला, की एक प्रश्न हमखास पडतो. या बाहुलीने कलाकाराच्या पदरात नेमके काय पडते?

पाश्चात्त्य अनुभव

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळते. तेथे १९९१ पासून दुकानांतील विक्रीची यंत्राधारित नोंद होऊ लागली. पंडित रविशंकर यांच्या कन्या नोरा जोन्स यांनी २००३ च्या ग्रॅमी सोहळ्यात पाच पुरस्कार पटकावले. त्यांचा पहिला अल्बम त्याआधीच्या आठवड्यात सुमारे १ लाख ४४ हजार प्रतींनी खपला होता. सोहळ्यानंतरच्या आठवड्यात हा आकडा ६ लाखांपलीकडे गेला. २००८ मध्ये हर्बी हॅन्कॉक या ज्येष्ठ जॅझवादकाचा अल्बम सर्वोत्तम ठरला आणि लोकप्रियतेच्या यादीत थेट पहिल्या पाचांत पोहोचला.

मंचावरील सादरीकरणाचा परिणाम तर कित्येकदा पुरस्कारापेक्षाही मोठा असतो. ट्रेसी चॅपमन यांनी २०२४ च्या सोहळ्यात १९८८ मधील आपले 'फास्ट कार' हे गाणे गायले. त्या वर्षी त्या कोणत्याही पुरस्काराच्या मानकरी नव्हत्या. तरीही गाणे दुसऱ्याच दिवशी डिजिटल विक्रीत अग्रस्थानी गेले.

आपल्याकडे क्रम उलटा

भारतात चित्र वेगळे आहे. येथील बहुतांश लोकप्रिय संगीत चित्रपटांचे असते आणि त्याची खरी विक्री चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आसपासच होते. पुरस्कार येतो तो अनेक महिन्यांनी. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी झळकला. त्याची गाणी त्याआधीच लग्नांच्या वरातींत वाजू लागली होती. पुरस्कारांनी त्या यशावर केवळ शिक्का मारला. 'कट्यार काळजात घुसली'ची गाणी नोव्हेंबर २०१५ मध्येच घरोघरी पोहोचली होती. महेश काळे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला तो मार्च २०१६ मध्ये.

अपवाद सीमेपलीकडचे. 'नाटू नाटू' २०२१ च्या नोव्हेंबरात आले. जानेवारी २०२३ मध्ये गोल्डन ग्लोब आणि मार्चमध्ये ऑस्कर मिळाल्यावर, तेलुगू न जाणणाऱ्या जगभरच्या श्रोत्यांनी ते शोधून ऐकले. तात्पर्य असे, की गाणे ज्यांच्या कानी आधीच पडले आहे त्यांच्यावर पुरस्काराचा परिणाम थोडा. ज्यांनी ते ऐकलेलेच नाही त्यांच्यावर मोठा.

आकड्यांचा घोळ

आपल्याकडे परिणाम मोजणेही सोपे नव्हते. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला'त अमीन सयानी यांच्या आवाजात गाण्यांची क्रमवारी ऐकू येई. तिच्यासाठी दुकानांतील तबकड्यांचा खप विचारात घेतला जाई. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि तिच्यासोबत नकली कॅसेटही. ज्या गाण्याच्या निम्म्या प्रती हिशेबाबाहेर विकल्या जातात, त्याचा खप पुरस्काराने किती वाढला हे सांगणार कोण? ऑनलाइन युगात ऐकण्याची नोंद होते, हा मोठा फरक. 'बिलबोर्ड'ने भारतीय गाण्यांची साप्ताहिक यादी सुरू केली ती २०२२ मध्ये.

तरीही 'व्ह्यूज' म्हणजे उत्पन्न नव्हे. फुकट ऐकणाऱ्यामागे मिळणारी रक्कम अत्यल्प असते आणि तिचा पहिला वाटा ध्वनिमुद्रणाचे हक्क असलेल्या कंपनीकडे जातो. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील हक्क सुरक्षित केला. २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी 'इस्रा' ही संस्था उभी राहिली. पुरस्कारानंतर ऐकणारे वाढले, तरी कलाकाराला किती मिळेल हे बाहुलीवर नव्हे, करारावर ठरते.

मानाची लढाई

मानाचा प्रश्न जुनाच आहे. 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर मिळाले, तेव्हा त्यातील गाणे सोहळ्यात गाण्यास लता मंगेशकर यांनी नकार दिला. कारण त्या वेळी पार्श्वगायनासाठी पुरस्कारच नव्हता. १९५९ पासून तो सुरू झाला आणि पहिला मान लतादीदींनाच मिळाला.

स्थानिक कलाकारासाठी

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या या शहरात लग्नातले लाडे, चेटीचंडची गाणी, भजनसंध्या आणि ऑर्केस्ट्रा यांची परंपरा आहे. येथील गायकाची कमाई विक्रीवर नव्हे, कार्यक्रमाच्या बिदागीवर चालते. नेमका इथेच पुरस्कार उपयोगी पडतो. निमंत्रणपत्रिकेवर नावापुढे 'पुरस्कारप्राप्त' हे विशेषण लागले, की बोलणी वरच्या आकड्यापासून सुरू करता येतात. परंतु शुल्क घेऊन सन्मानचिन्ह वाटणाऱ्या सोहळ्यांचे पेव फुटल्याने या विशेषणाचे मोलही घसरत आहे.

पुरस्कार दार उघडून देतो. श्रोत्याला आत थांबवून ठेवण्याचे काम मात्र गाण्यालाच करावे लागते. म्हणूनच सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या उसळीपेक्षा सहा महिन्यांनंतरही ते गाणे किती जण ऐकतात, हा आकडा अधिक बोलका असतो.